अर्ज ऑनलाईन, शेतकरी लाईनीत



कागदाचा अर्ज बंद होऊन संगणकाचा अर्ज आला, की मुंबई-नागपूरच्या वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्याची बातमी येते : शेतकऱ्यांची हेलपाट्यांतून सुटका. बातमी लिहिणाऱ्याने जिवतीचा पहाड पाहिलेला नसतो आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचे काय होते हेही त्याला ठाऊक नसते. हेलपाटा कायमच राहतो. पूर्वी तो तलाठ्याच्या सज्जापर्यंत होता, आता तालुक्याच्या सेवा केंद्रापर्यंत गेला, एवढाच फरक.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, म्हणजे कुणी आम्हाला मागासलेले म्हणायला नको. आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. शेतकऱ्याला नवे बियाणे हवे, नवे यंत्र हवे, नवे ज्ञान हवे, ही मागणी आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो. कागदाचे राज्य म्हणजे रामराज्य होते असेही आम्ही म्हणत नाही. एकाधिकार कापूस खरेदीच्या १९७२ पासूनच्या तीस वर्षांत कार्ड, चिठ्ठी, ग्रेडरचा शेरा आणि चुकाऱ्याची वाट या कागदांनी विदर्भातल्या कास्तकाराला किती नाचवले, ते पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवते. सातबाऱ्याच्या एका नकलेसाठी तलाठ्याची आठ-आठ दिवस वाट पाहिलेली माणसे आपल्या बैठकांत बसलेली आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा आम्ही त्याचे स्वागतच केले. कारण तिथे माहिती सरकारकडे होती आणि ती आपल्याला मिळाली.

भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. माहिती सरकारकडे असताना तीच पुन्हा शेतकऱ्याकडून मागायची, तीही अशा यंत्रातून मागायची जे शहरात चालते आणि वावरात चालत नाही, आणि ते यंत्र बंद पडले की दोष शेतकऱ्याच्या माथी मारायचा, याला आमचा विरोध आहे. म्हणून अर्ज कोणत्या तंत्राने घ्यायचा हा प्रश्न संगणकवाल्या साहेबांवर सोडून चालणार नाही. बियाणे निवडताना आपण जमीन पाहतो, पाणी पाहतो, मग पेरतो. अर्जाचे तंत्रही तसेच निवडले पाहिजे.

या महाराष्ट्राने एकाच कामासाठी दोन तंत्रे वापरून पाहिली आहेत. ती दोन्ही समोरासमोर ठेवली की कोणते नाणे खरे, ते आपोआप कळते.

पहिले तंत्र २०१७ चे. शेतकऱ्यांच्या संपानंतर २४ जून २०१७ रोजी सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा सांगितला ३४,०२२ कोटी रुपयांचा, लाभार्थी सांगितले ८९ लाख. मग अट आली, की प्रत्येकाने ऑनलाईन अर्ज भरायचा. २४ जुलैपासून अर्ज सुरू झाले, मुदत वाढवत वाढवत २२ सप्टेंबरपर्यंत नेली. तारखा नीट पाहा. डवरणी, निंदण, खत, फवारणी हे सगळे याच दोन महिन्यांत असते. पऱ्हाटीत तण वाढत असताना कास्तकार केंद्राच्या दारात बसला. नवरा-बायको दोघांचे आधार हवे, अंगठा जुळला पाहिजे, नाहीतर मोबाईलवर आकडा आला पाहिजे. कापूस वेचून आणि विळा धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र ओळखेना. दोन अंगठ्यांसाठी घरातली दोन माणसे कामावरून उठली, त्या दिवसाची मजुरी कोणत्याच हिशेबात धरली गेली नाही.

आता विचार करा, या अर्जात असे काय विचारले होते जे बँकेला माहीत नव्हते? कर्ज बँकेने दिले. खाते बँकेत. थकबाकीचा आकडा बँकेच्या वहीत. कर्जदाराची सही बँकेच्या कपाटात. शेतकऱ्याला आपल्या कर्जाचा आकडा केंद्रावर जाऊन सांगायला लावले आणि तिकडे बँकांकडून ६६ रकान्यांचा वेगळा तक्ता भरून मागवला. मग संगणकाने दोन्ही ताडून पाहिले. एकीकडे नावाचे स्पेलिंग एक, दुसरीकडे दुसरे. एकीकडे बापाचे नाव, दुसरीकडे आडनाव आधी. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची खाती निघाली. १८ ऑक्टोबरला ऐन दिवाळीत सत्कार करून प्रमाणपत्रे वाटली, आणि त्यानंतर याद्या दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले. 'ग्रीन लिस्ट' हा शब्द त्या वर्षी आपल्या बोलीत आला. पाऊस कधी येणार याच्यासारखे लोक विचारू लागले, ग्रीन लिस्ट कधी येणार?

शेवट काय झाला? सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना लाभ मिळाला. आणि पात्र ठरूनही ६ लाख ५६ हजार शेतकरी बाकी राहिले, ही गोष्ट सहा वर्षांनी, डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनाच्या वेळी सरकारनेच मान्य केली. दरम्यान ते पोर्टल बंद पडले होते. लक्षात घ्या, हे अपात्र शेतकरी नव्हते. अर्ज भरला, अंगठा दिला, पात्र ठरले, आणि यंत्र बंद झाले म्हणून राहिले. कागदाचा गठ्ठा हरवला तर निदान कुठल्या कपाटातून हरवला ते विचारता येते. पोर्टल बंद पडले तर कुणाच्या दारात जाऊन बसायचे?

दुसरे तंत्र २०१९ चे. २१ डिसेंबर २०१९ रोजी नागपुरातच महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. दोन लाखांपर्यंतची थकबाकी. या वेळी शेतकऱ्याने अर्ज भरायचाच नव्हता. बँकांनी आपल्या खात्यांची यादी द्यायची, प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक, ती यादी गावात आणि बँकेत लावायची, शेतकऱ्याने यादीत आपले नाव आणि रक्कम वाचायची, आणि एकदाच जाऊन आधार लावून 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच सांगायचे. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला आली, ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. आधी थोड्या गावांत करून पाहिले, मग राज्यभर नेले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, अंगठे लावणे थांबले, तरीही त्या वर्षाअखेर ३० लाखांच्या वर खात्यांवर रक्कम जमा झाली होती.

या योजनेचे आम्ही गोडवे गात नाही. दोन लाखांच्या वर थकबाकी असलेला बाहेर राहिला. नियमित फेडणाऱ्याला कबूल केलेले पन्नास हजार २०२२ उजाडल्यावर मिळू लागले. कर्जमाफी म्हणजे भावाचा प्रश्न सुटला असेही नाही. पण अर्जाच्या तंत्रापुरते बोलायचे तर फरक ढळढळीत आहे. तेच राज्य, त्याच बँका, तेच आधार, तेच संगणक. २०१७ मध्ये यंत्राने शेतकऱ्याला विचारले, 'तू कोण, सिद्ध कर.' २०१९ मध्ये यंत्राने सांगितले, 'तुझे एवढे आहे, बरोबर आहे का पाहा.' यादी चावडीवर लागल्यामुळे चूक गावाला दिसली. चार लोकांनी वाचली, चार लोकांनी दाखवली.

यावरून पहिला नियम निघतो : सरकारकडे किंवा बँकेकडे असलेली माहिती शेतकऱ्याकडून मागायची नाही. सगळ्यात चांगला ऑनलाईन अर्ज म्हणजे भरावाच न लागणारा अर्ज.

पण सगळेच अर्ज असे टळणार नाहीत. यंदा वावरात काय पेरले, नुकसान किती झाले, हे शेतकऱ्यालाच सांगावे लागेल. मग तंत्र निवडताना काय पाहायचे? यासाठी वारणेची गोष्ट ऐका. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रे बसवली. देशभर गाजावाजा झाला. ऊसवाल्यांचा भाग, पाणी बारमाही, साखर कारखाना मजबूत, पैशाला तोटा नाही. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले, तर त्या महागड्या संगणकांवर लोक मुख्यतः पाहत होते उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि खताचा हिशेब, म्हणजे चार-दोन आकडे. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी सात गावांत संगणक काढून साधा मोबाईल ठेवला. एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसने यायचे. काम भागले, स्वस्तात भागले, आणि वीज गेली तरी भागले. दिखाऊ यंत्र हरले आणि कामापुरते यंत्र जिंकले. बारमाही पाण्याच्या मुलखाला जे शहाणपण कळले, ते कोरडवाहू मुलखाला लागू करताना साहेबांच्या लक्षात का राहत नाही?

कागदाचा अर्ज संगणकावर नेण्याचे ढोबळ चार मार्ग आहेत, ते प्रत्येकाने समजून घ्यावेत, म्हणजे पुढे कुणी फसवणार नाही.

पहिला मार्ग, छापील अर्जाचे नुसते चित्र संगणकावर टाकायचे. शेतकऱ्याने ते छापून घ्यायचे, हाताने भरायचे, त्याचा फोटो काढून पुन्हा चढवायचा. हा कागदच आहे, फक्त दुप्पट खर्चाचा.

दुसरा मार्ग, भरता भरता सतत नेट लागणारा अर्ज. पंचवीस रकाने भरून झाले, सव्वीसाव्याला नेट गेले, की पुन्हा पहिल्यापासून. चंद्रपूर शहरात हे चालेल. एटापल्ली, भामरागड, जिवती, सिरोंच्यात हे तंत्र निवडणे म्हणजे काळ्या कापसाच्या जमिनीचे बियाणे मुरमाड टेकडीवर पेरणे.

तिसरा मार्ग, फोनमध्येच अर्ज भरून साठवायचा आणि नेट मिळेल तेव्हा तो आपोआप पाठवायचा. अशी साधने आज फुकट मिळतात. ओपन डेटा किट नावाचे साधन २००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाले. ते सगळ्यांना खुले आहे, कुणाची मालकी नाही, आणि नेट नसलेल्या मुलखात माहिती गोळा करण्यासाठीच बनवलेले आहे. तेव्हा 'असे तंत्रच नाही' ही सबब कुणी सांगू नये.

चौथा मार्ग, साध्या फोनचा. एसएमएस, किंवा फोन लावला की समोरून आवाज विचारतो आणि आपण आकडा दाबतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माउलीलाही तो जमतो, फक्त आवाज तिच्या भाषेत हवा. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत भाषा एक नाही. मराठी आहे, गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली आहे. अर्जाची भाषा जर मंत्रालयाची, तर अर्ज भरणारा नेहमी दुसराच राहणार, आणि दुसरा आला की त्याचे पैसे आले.

आता ताज्या प्रकाराकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. म्हणजे कोणत्या गटात किती कापूस आहे हे सरकारला कळले. १५ एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. म्हणजे कुणाची कोणती जमीन हेही एका क्रमांकाखाली आले. ठीक. मग २०२५ च्या सप्टेंबरात भारतीय कपास निगमने 'कपास किसान' नावाचे अॅप आणले. हमीभावाने कापूस विकायचा असेल तर त्यात नोंदणी करा, जमिनीचा कागद पुन्हा चढवा, पिकाची नोंद पुन्हा द्या, मंजुरीची वाट पाहा, आणि मग विक्रीचा दिवस अॅपवरूनच मागा. आधी ३० सप्टेंबरची मुदत दिली, मग वाढवावी लागली. ई-पीक पाहणी राज्याची, कपास निगम केंद्राचे, असे उत्तर मिळते. शेतकऱ्याचे वावर तर एकच आहे! दोन सरकारांची दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यामध्ये निरोप्याचे काम शेतकऱ्याने का करायचे?

याच हंगामात दुसरीकडे काय झाले तेही पाहा. कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्यासाठी कोणा गिरणीमालकाला केंद्राच्या दारात अंगठा लावत उभे राहावे लागले नाही. एक अधिसूचना निघाली आणि काम झाले. इकडे लांब धाग्याला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झालेला, पण तो हातात पडायचा तर नोंदणी, मंजुरी, पाळी. ज्याच्या घरात कापूस ठेवायला जागा नाही, लेकरांच्या अंगाला खाज सुटली आहे, दुकानदाराची उधारी दारात उभी आहे, तो अॅपवरच्या पाळीची वाट पाहत नाही. तो पडेल भावाने व्यापाऱ्याला देतो. अर्जाचे चुकीचे तंत्र आणि पडेल भाव यांचा संबंध असा सरळ आहे. जाहीर केलेला हमीभाव नाकारायचा नाही, फक्त त्याच्या दारात एक न उघडणारे कुलूप लावायचे. कुलूप मुद्दाम लावले की अडाणीपणाने, याची चर्चा आम्हाला नको. शेतकऱ्याच्या खिशाला दोन्हींचा फटका सारखाच बसतो.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तर एक आणखी मोठी माणसांची रांग आहे, जी कोणत्याच रकान्यात बसत नाही. वनहक्क कायदा २००६ खाली पट्टा मिळालेला, पण सातबारा नसलेला. जिवतीच्या पहाडावर वर्षानुवर्षे वावर कसून हाती कागद नसलेला. सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर असलेली विधवा बाई. दुसऱ्याचे वावर ठोक्याने करणारा. कागदाच्या अर्जावर कारकुनाने समासात दोन ओळी लिहून घेतल्या तर यांचे काम कधीमधी होत असे. संगणकाच्या अर्जाला समास नसतो. गट क्रमांक टाकल्याशिवाय तो पुढचे पान उघडत नाही. हा शेतकरी नाकारला गेला अशी नोंदही कुठे होत नाही, कारण त्याचा अर्ज मुळात पोचलेलाच नसतो. मग वर अहवाल जातो : सर्व अर्ज निकाली.

याच मुलखाने देशाला दुसरा रस्ताही दाखवला आहे. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या बळावर. वनहक्काच्या दाव्याची पद्धतच अशी आहे, की दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, गाव पडताळतो, मग वर जातो. कोण कोणते वावर कसतो हे गावाइतके कोणत्याही उपग्रहाला ठाऊक नाही. ज्या शेतकऱ्याला यंत्र ओळखत नाही, त्याला गाव ओळखते. ग्रामसभेचा ठराव हा पुरावा म्हणून अर्जात जोडता आला पाहिजे, एवढा एक रकाना वाढवायला कोणती अडचण आहे?

म्हणून या बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवतो. त्या वाचाव्यात, गावात चर्चा करावी आणि ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात.

१. ई-पीक पाहणी, ओळख क्रमांक किंवा बँकेच्या खात्यात आहे ती माहिती कोणत्याही अर्जात पुन्हा मागू नये. ती आधीच भरून यावी, शेतकऱ्याने फक्त बरोबर की चूक सांगावे.

२. नेट नसताना भरता येईल आणि नंतर आपोआप जाईल, असाच अर्ज स्वीकारावा. मुदत धरायची ती फोनमध्ये भरल्याच्या दिवसाची.

३. यंत्र बंद असेल किंवा अंगठा जुळत नसेल, तर कागदी अर्ज त्याच दिवशी शिक्का मारून घ्यावा आणि त्याला तीच किंमत असावी. यंत्राचा दोष शेतकऱ्याच्या खात्यावर टाकू नये.

४. प्रत्येक अर्जाची छापील पोच द्यावी. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांची मुदत ठरलेली आहे, अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. शेतीच्या सगळ्या योजनांचे अर्ज या कायद्याखाली आणावेत.

५. मंजूर आणि नामंजूर दोन्ही याद्या कारणासह ग्रामपंचायतीत लावाव्यात आणि ग्रामसभेत वाचाव्यात. चूक दुरुस्त करण्याची सोय गावातच असावी.

६. सातबारा नसलेल्या पट्टेदार व कसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ग्रामसभेच्या ठरावाचा रकाना असावा. आवाजी अर्ज मराठीसोबत गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगालीत असावा.

७. कोणताही नवा अर्ज आधी जिवती आणि भामरागड तालुक्यांत पावसाळ्यात चालवून पाहावा. तिथे चालला तर राज्यात कुठेही चालेल. आजवर पुण्या-मुंबईत चालवून पाहिले आणि इथे पाठवले, आता उलटे करून पाहा.

या मागण्यांत एकही पैसा फुकट मागितलेला नाही. शेतकऱ्याचा दिवस वाया घालवू नका, एवढेच मागितले आहे. जिल्हा कचेरीतल्या साहेबाच्या एका तासाला पगार आहे. निंदणाच्या दिवसांत केंद्रावर बसलेल्या बाईच्या दिवसाला काहीच नाही, आणि म्हणूनच तो दिवस इतक्या सहज खर्च केला जातो.

आता कामाचे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात : गेल्या वर्षात कोणकोणते अर्ज ऑनलाईन भरले, एका अर्जाला किती फेऱ्या आणि किती रुपये लागले, आणि कोणत्या रकान्यावर अर्ज अडला. पोच असेल तर तिची झेरॉक्स जोडावी. पोच मिळाली नसेल तर तसे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतल्या पोरापोरींनी लिहून द्यावे. २०१७ ची प्रमाणपत्रे किंवा अर्जाच्या पावत्या अजून ज्यांच्या पेटीत आहेत, त्यांनी त्या फाडू नयेत, सोबत आणाव्यात. दोन्ही जिल्ह्यांचा हा हिशेब एकत्र करून तो छापील स्वरूपात, शिक्क्याची पोच घेऊनच, कचेरीत द्यायचा आहे.